गळ्याचं माप

गोळीबार चौकातून तांडापेठेकडे वळलं
की दुसऱ्या शटरमागं माझी मशीन.
सत्तावीस वर्षं मी गळे कापते.
हसू नका, धंद्यात असंच म्हणतात.
पानगळा, मटका गळा, चौकोनी, बोटनेक,
मागून खोल, पुढून झाकलेला,
सासूसमोर घालायचा वेगळा.

तर गळा मला कळतो.
होळीच्या आसपास आरशासमोर पाणी पिताना
घोटासोबत काहीतरी वर गेलं, खाली आलं,
डावीकडं, भिजल्या हरभऱ्याएवढं.
टेप लावली. सवय.
साडेतेरा. दिवाळीलाही साडेतेराच होतं.
टेपला गाठ कळत नाही.

थकवा त्याच्या आधीपासूनचा.
दुपारी तीनला काजं करताना डोळे मिटायचे,
केस कंगव्यात, केस बॉबिनमध्ये.
आणि मे महिन्यात अख्खं नागपूर
कुलरपुढं तोंड करून बसलेलं,
तेव्हा मी शाल शोधत होते.
"काऊन वं, ताप आहे का?" नणंद म्हणाली.
नव्हता. असता तर बरं झालं असतं,
थर्मामीटर तरी माझ्या बाजूनं बोलला असता.

रिपोर्ट आला. टीएसएच तीन पूर्णांक सहा.
शेजारी त्यांचं माप छापलेलं, इथून तिथपर्यंत,
मी त्याच्या आत.
नवऱ्यानं घडी घालून खिशात ठेवला,
विजेचं बिल भरून झाल्यासारखा.
"नॉर्मल आहे नं. झालं मग."

नॉर्मल.
मला ती रेडिमेडवरची चिठ्ठी आठवली,
फ्री साइज, छत्तीस ते बेचाळीस.
बाया तोच ब्लाउज घेऊन माझ्याकडे येतात:
बसतो तर खरा, पण काखेत ओढून राहिला.
मी कधी म्हणत नाही, चिठ्ठीवर बरोबर आहे.
म्हणते, हात वर करा, बघू.

धंतोलीच्या खोब्रागडे मॅडम
माझ्या मागं उभ्या राहिल्या,
मी मागचा गळा मोजते तशा,
दोन्ही हातांची बोटं पुढं आणून.
"गिळा," म्हणाल्या. मी गिळलं.

मग थंडगार जेली,
पडद्यावर विटलेल्या अस्तरासारखं काहीतरी,
त्यात काळसर ठिपका: अकरा मिलिमीटर.
मग सुई. माझ्या सुयांपेक्षा बारीक, तरी सुईच.
आठ दिवस मी एकही गळा कापला नाही.
नुसता फॉल-पिको.

गाठ साधी निघाली.
"ग्रंथी काम करते ते एक," मॅडम म्हणाल्या,
"तिच्यात गाठ आहे ते दुसरं.
रक्ताच्या रिपोर्टात गाठ दिसत नाही."
मला बाबा दिसले, मागावर वाकलेले.
सुतात गुठळी आली की म्हणायचे,
यानं लुगडं फाटत नाही पोरी,
पण बोटाला लागते. लागलेलं खोटं नसते.

"आणि थकवा?"
त्या थांबल्या. "माहीत नाही.
खरा आहे. पण गाठीचाच असेल असं नाही.
हिमोग्लोबिन बघू, बी-ट्वेल्व्ह, झोप.
पाळी कधी गेली?"

माहीत नाही.
एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी
माझ्यासमोर कापड उलटं करून पाहिलं होतं.
येताना बसमध्ये मी दोनदा रडले,
एकदा सीताबर्डीला, एकदा उगाच.

आता मापांच्या वहीत, गिऱ्हाइकांच्या मधेच,
एक पान माझं.
शकुन निमजे. अकरा मिमी.
थकवा: तीन वाजता. शाल: लागली.
मंगळवार: नाही लागली.
पुढचं माप वर्षानं.
हिमोग्लोबिन नऊ निघालं. गोळी सुरू.
केस अजून बॉबिनमध्ये सापडतात.

काल बोकडेबाई आल्या, पुतणीच्या लग्नाचं पैठणी ब्लाउज.
"गळा जरा सैल ठेवजा," म्हणाल्या,
"हल्ली आवळल्यासारखं होते.
रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत."
मी टेप खाली ठेवली.
बसा म्हटलं.
पंखा बंद करू का?